नारळ फुटण्याआधी: सिनेमाची कल्पना पटकथेपर्यंत नेण्याचा क्रम

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता कॅमेऱ्याची अडचण उरलेली नाही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे चांगले कॅमेरे आहेत, अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ करणारी मुलं एडिटिंग गावातच उरकतात. तरी पूर्ण लांबीचा सिनेमा करायला निघालेल्या बऱ्याच मंडळींचं काम अर्ध्यावर अडकतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. आधी नाव ठरतं, मग पोस्टर येतं, मग मुहूर्ताचा नारळ फुटतो आणि गोष्ट सेटवर शोधायला लागतात. सहा मिनिटांच्या व्हिडिओत हे निभून जातं. शंभर मिनिटांच्या सिनेमात पैसे संपतात, कलाकारांच्या तारखा जातात, आणि शेवट कसा करायचा यावर भांडणं होतात.

नारळाआधीचं काम कोणत्या क्रमाने करायचं, एवढंच या लेखात आहे. सोबतीला एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत ठेवलं आहे: अमळनेर तालुक्यातलं एक गाव, वाटणीवरून न बोलणारे दोन भाऊ, आणि श्रावणातली कानबाई, म्हणजे घरात देवी बसवण्याचा खान्देशातला सण.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

एक वही, जिच्यात फक्त हाच सिनेमा. मोबाइलमधल्या नोट्स चालतात, पण त्या व्हॉट्सअॅपच्या गर्दीत हरवतात. कामाच्या प्रत्येक कागदावर तारीख टाकायची सवय लावा. पुढे वाद झाला तर ती उपयोगी पडते.

वाचून दाखवायला दोन माणसं हवीत. एक सिनेमा जाणणारं, दुसरं ज्या गावाची गोष्ट आहे त्या गावातलं. दोघांपैकी एकही तुमच्या सिनेमात काम करणारं नसावं. भूमिकेच्या आशेवर असलेला मित्र कधी खरं सांगत नाही.

आणि लांबी आधी ठरवा. लघुपट की पूर्ण सिनेमा? पंधरा-वीस मिनिटांत एक पेच मावतो. तो ताणून दोन तास केला की मध्ये नाइलाजाने गाणी आणि विनोदी पात्रं येतात.

## १. विषय आणि गोष्ट वेगळी करा

‘केळी उत्पादकांचं दुःख’ हा विषय आहे. ‘खान्देशची संस्कृती’ हाही विषयच. विषयावर भाषण होतं, सिनेमा होत नाही. गोष्ट व्हायला चार प्रश्नांची उत्तरं लागतात:

- कोणाची गोष्ट आहे? एका माणसाचं बोट धरा.
- त्या माणसाला नेमकं काय हवं आहे?
- आडवं कोण किंवा काय येतंय?
- कधीपर्यंत? उशीर झाला तर काय बिघडेल?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा सुटतो. आपल्याकडे तर मुदती जागोजाग आहेत: केळीचा घड कापणीला आला की थांबत नाही, कापूस वेचायला मजूर त्याच आठवड्यात लागतात, कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी उठते. अशी मुदत गोष्टीला बांधली की प्रेक्षक आपोआप पुढे सरसावून बसतो.

आपलं उदाहरण इथे असं दिसतं. म्हातारी आई. तिला दोन्ही मुलं कानबाईच्या एका पंगतीत हवी आहेत. थोरला गावात शेती करतो, धाकटा सुरतेला उधना भागात लूमवर (कापड विणायच्या यंत्रमागावर) आहे, आणि दोघांत बोलणं बंद आहे. मुदत रविवारपर्यंत.

तपासा: चारही उत्तरं मिळून पाच ओळींत मावत नसतील, तर तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक बाजूला ठेवा.

## २. एका वाक्यात लिहा

याला लॉगलाइन म्हणतात. हे वाक्य निर्मात्यासाठी असतं असा समज आहे. खरं तर ते आधी लिहिणाऱ्यासाठी असतं. पुढचे सहा महिने कोणताही प्रसंग ठेवायचा की काढायचा, हे या वाक्यावर घासून ठरवायचं.

चुकीचं वाक्य: ‘खान्देशच्या मातीतली, तुटत चाललेल्या नात्यांची हृदयस्पर्शी कहाणी.’ यात माणूस नाही, कृती नाही, आणि हृदयाला स्पर्श होईल की नाही हे प्रेक्षकाने ठरवायचं असतं.

कामाचं वाक्य: ‘वाटणीच्या भांडणात दुरावलेल्या दोन मुलांना कानबाईच्या एका पंगतीत बसवायचा हट्ट धरलेली म्हातारी, थोरल्याने घातलेली शपथ मोडून सुरतेची गाडी पकडते.’

हे वाक्य एका बैठकीत होत नाही. दहा-बारा तऱ्हांनी लिहा. मग घरात, कट्ट्यावर, एसटीत कोणालाही तेवढंच सांगा आणि गप्प बसा. ऐकणाऱ्याने ‘मग?’ विचारलं तर गोष्ट आहे. ‘छान आहे’ म्हटलं तर अजून नाही.

सावधान: इथे सिनेमाचं नाव ठरवू नका. नाव आवडलं की माणूस गोष्ट नावाला जुळवायला लागतो.

## ३. गोष्ट तुमची आहे का, हे पाहा

ही पायरी बहुतेक लोक शेवटी ठेवतात. ती लिहिण्याआधी हवी, कारण परवानगी नाही मिळाली तर सगळी मेहनत वाया जाते.

कथा-कादंबरीवरून सिनेमा करायचा असेल, तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. लेखक हयात नसेल तर वारसांची. आपल्याकडे साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. सुरुवातीला पूर्ण हक्क विकत घ्यायला पैसे नसतील, तर ठरावीक काळापुरता हक्क राखून ठेवण्याचा करार करता येतो. थोडी रक्कम द्यायची, तेवढ्या मुदतीत पटकथा आणि पैसा उभा करायचा.

गावातल्या खऱ्या घराची गोष्ट असेल तर जास्त जपा. ‘नावं बदलली की झालं’ हे खरं नाही. दोन हजार वस्तीच्या गावात घर, धंदा आणि भांडण तेच ठेवून नाव बदललं, तरी सगळ्यांना कळतं कोण ते. अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो, आणि त्याआधी त्या घरातल्या बाईचं गावात जगणं अवघड होतं. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एक तर लेखी संमती घ्या, नाही तर गोष्टीचा गाभा ठेवून घर, जागा, घटना सगळं नव्याने रचा.

गाण्यांचं वेगळं बघा. कानबाईची पारंपरिक गाणी कोणा एकाची नाहीत. पण त्यातलंच गाणं कोणी नव्या चालीत बांधून रेकॉर्ड केलं असेल, तर ती चाल आणि ते रेकॉर्डिंग त्यांचं. जात्यावर म्हणणाऱ्या बाईकडून थेट ऐका, तिच्या संमतीने रेकॉर्ड करा, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव द्यायचं हे तेव्हाच लिहून ठेवा.

## ४. शोध: गोष्ट इथे पालटते

सगळ्यात घाईत उरकलं जाणारं आणि सगळ्यात जास्त देणारं काम हेच. ‘आम्ही इथलेच, आम्हाला माहीत आहे’ हे वाक्य मनातून काढा. आपल्या घरची रीत आपल्याला माहीत असते, शेजारच्या आळीची नसते.

तीन घरांचा नियम. कोणतीही रीत सिनेमात घ्यायची तर किमान तीन घरांत विचारा. कानबाईच्या रोटासाठी गहू घेताना काही घरांत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, आणि त्या दळणाचे रोट भाऊबंदांतच संपवतात. नैवेद्याला काय, रोट कोणी खायचे, किती दिवसांत संपवायचे, हे घराघरांत बदलतं. तुमच्या पात्रांचं घर कोणतं, ते ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच घराची रीत पाळा. अर्धी ही, अर्धी ती केली की गावातला प्रेक्षक लगेच पकडतो.

विचारताना ‘कानबाईबद्दल सांगा’ असं म्हणू नका; पुस्तकी उत्तर मिळतं. ‘मागच्या वर्षी गहू कोणी मोजले? कोणाची मूठ राहिली होती का? मग काय झालं?’ असं विचारा.

आता आपल्या उदाहरणात काय होतं बघा. मुठी मोजायच्या प्रसंगात प्रश्न उभा राहतो: वेगळा निघालेल्या धाकट्याची मूठ घ्यायची की नाही? सुपासमोर बसलेली आई थोरल्याकडे बघून फक्त विचारते, ‘कितल्या मुठी?’ त्या दोन शब्दांत अख्खं भांडण आलं. हा प्रसंग घरी बसून सुचणं कठीण. तो मुठी मोजताना बघितल्यावर सुचतो.

कागदपत्रांची बाजू. वाटणीची गोष्ट असेल तर तलाठ्याकडे, तहसील कचेरीत जाऊन रीत समजून घ्या. सिनेमात वाटणी म्हटली की थेट कोर्टाचा देखावा येतो. प्रत्यक्षात सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी होते, मग फेरफार, मग सातबारा वेगळा. म्हणजे सह्या सगळ्यांच्या लागतात. आणि इथे एक माणूस उगवतो, जो आपल्या गोष्टीत नव्हताच: बहीण. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. म्हणजे जिच्या नावाची मूठ गव्हात पडत नाही, तिच्या सहीशिवाय वाटणीचा कागद पुढे सरकत नाही. भावांना तिच्याकडून हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचं सहीचं पत्र, हवं आहे.

आता ही गोष्ट आईची राहिली की बहिणीची झाली? शोध नीट झाला की असा प्रश्न पडतोच. पडला तर घाबरू नका. पायरी २ वर परत जा आणि वाक्य नव्याने लिहा: ‘कानबाईच्या गव्हात जिची मूठ कधीच धरली गेली नाही, त्या लेकीकडे हक्कसोडाची सही मागायला दोघे अबोल भाऊ एकाच रविवारी येतात.’ माझ्या मते हे वाक्य आधीच्यापेक्षा बरंच बळकट आहे. आधीच्या वाक्यात समेट होणार हे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं. इथे ती सही करेल का, हे शेवटपर्यंत कळत नाही.

कामाची बाजू. धाकटा लूमवर आहे, तर लूमचं काम बघून या. सुरतेला बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. सुट्टी घेतली की पगार जातो. मग ‘तो रविवारी येईल का’ हा प्रश्न नुसता रुसव्याचा राहत नाही, मजुरीचाही होतो. भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्यांत एकदा जनरल डब्यातून प्रवास करा. अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी जाते तेव्हा डब्यात काय बोललं जातं, डबे काय उघडतात, कोण कोणाला जागा देतं, हे सगळं वहीत यायला हवं.

तपासा: शोधातून तुमच्या मूळ कल्पनेतली एकही गोष्ट बदलली नसेल, तर तुम्ही शोध घेतला नाही, पुरावे गोळा केले.

## ५. शेवट आधी, सारांश मग

आता एक ते दोन पानांचा सारांश. वर्तमानकाळात, सुरुवात-मध्य-शेवट सगळं सांगून. शेवट लपवायचा नाही. ‘पुढे काय होतं ते पडद्यावरच बघा’ हे जाहिरातीत चालतं. सारांशात ते लिहिणाऱ्याला स्वतःलाच शेवट माहीत नसल्याची कबुली असते.

आधी शेवटचा प्रसंग लिहा. मग उलट मागे या: हा शेवट घडायचा तर त्याआधी काय घडलं पाहिजे? त्याआधी काय? बहीण सही करण्याआधी एक अट घालते, यंदाच्या गव्हात माझी मूठ. हा शेवट ठरला, की पहिल्या दहा मिनिटांत मुठी मोजायची रीत प्रेक्षकाला समजलीच पाहिजे, हेही ठरलं. नाही तर शेवटी मूठ पडेल तेव्हा बाहेरगावच्या प्रेक्षकाला काय घडलं तेच कळणार नाही.

## ६. प्रसंगांची माळ

प्रत्येक प्रसंग एका कार्डावर. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजू चालतात. पूर्ण सिनेमाला साधारण ६० ते ८० प्रसंग होतात, वीस मिनिटांच्या लघुपटाला आठ ते बारा. कार्डावर चारच गोष्टी: जागा, वेळ, कोण काय करतं, आणि प्रसंग संपताना काय बदललं.

चौथी जागा कोरी राहिली तर कार्ड फाडा. हे जड जातं, कारण कोरी राहणारी कार्डं बहुधा आपल्याला सगळ्यात प्रिय असतात: शेतावरची भरिताची पार्टी, तापीकाठचा सूर्यास्त, बाजारातली गंमत. भरिताची पार्टी ठेवायची तर तिथे काही घडू द्या. वांगी भाजणाऱ्या काड्यांच्या धगीपाशी थोरला धाकट्याच्या पोराला पहिल्यांदा जवळ घेतो. आता ती राहील.

कार्डं जमिनीवर मांडा आणि दोन प्रसंगांमध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसला तर ठीक. सलग ‘आणि मग, आणि मग’ येत असेल तर गोष्ट सरकत नाही, फक्त दिवस सरकताहेत.

सावधान: माळ पूर्ण होईपर्यंत एकही संवाद लिहू नका. विनोदी व्हिडिओंतून आलेल्या लिहिणाऱ्यांना हे सगळ्यात अवघड जातं, कारण त्यांच्या हातात खटकेबाज संवादच आधी येतो. सुचला तर वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा. कार्डावर नको.

## ७. ट्रीटमेंट

माळ पक्की झाली की तीच गोष्ट दहा ते वीस पानांत सलग लिहायची. पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच, त्याच क्रमाने.

इथली ठरलेली चूक म्हणजे मनातलं लिहिणं. ‘थोरल्याला अपराधी वाटतं. त्याला बालपण आठवतं.’ कॅमेरा यातलं काय टिपणार? हेच असं लिहा: ‘थोरला ओट्यावर पाठ करून बसलाय. आत मूठ पडल्याचा आवाज येतो. तो बोटांवर मोजतो. पाचवी मूठ पडते तसा उठून गोठ्याकडे जातो आणि पाणी प्यालेल्या बैलापुढे पुन्हा घमेलं ठेवतो.’ अपराधी हा शब्द कुठे नाही, पण तो दिसतो.

‘वाटतं, आठवतं, जाणवतं, समजतं’ ही क्रियापदं ट्रीटमेंटमध्ये शोधा आणि एकेकाच्या जागी कृती घाला. हेच काम इथे टाळलं, तर पुढे निवेदकाचा आवाज घालून सगळं समजावावं लागतं.

ट्रीटमेंट त्या दोन माणसांना वाचून दाखवा. मध्ये खुलासे करू नका. कुठे मोबाइल उचलला गेला, तिथे पेन्सिलीने खूण करा. नंतर विचारा ते फक्त एवढंच: कुठे कंटाळा आला, कुठे समजलं नाही. ‘कसं वाटलं’ विचारलं की कौतुक मिळतं, आणि कौतुकातून दुरुस्ती होत नाही.

## ८. पटकथा, आणि सगळ्यात शेवटी संवाद

प्रत्येक सीनच्या डोक्यावर क्रमांक, आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र. आधी सगळा सीन संवादाशिवाय लिहा. मग, मुक्याने जे सांगता येत नाही तेवढ्यासाठीच संवाद घाला.

बोलीचा प्रश्न. खान्देश म्हणजे सरसकट अहिराणी, ही बाहेरच्यांची चूक आता आपणही करतो. अमळनेर, पारोळा, धुळे, शिंदखेडा भागातली पात्रं अहिराणी बोलतील. यावल-रावेरकडचं लेवा पाटीदार घर लेवा बोली बोलेल, शहाद्याकडचं गुजर घर गुजरी, धडगावचं पावरा घर पावरी. शिवाय एकाच घरात पिढीप्रमाणे बोली बदलते. आपल्या उदाहरणात आई निखळ अहिराणी बोलेल, जळगावला दिलेली लेक भावांशी अहिराणीत आणि स्वतःच्या मुलीशी मराठीत, धाकट्याच्या बोलण्यात गुजराती-हिंदी शब्द सहज येतील. कोण कोणाशी कोणत्या बोलीत बोलतं, याचा एक तक्ता करून भिंतीवर लावा. भांडण तापलं की लेक मराठी सोडून अहिराणीवर येते, असा बदल संवादापेक्षा जास्त सांगून जातो.

अहिराणी फक्त हसवण्यासाठी ठेवू नका. नोकराच्या तोंडी बोली आणि नायकाच्या तोंडी प्रमाण मराठी, हा जुना साचा आहे आणि तो आपल्याच माणसांना खाली बसवतो. ज्या बोलीत आपल्या आया रडल्या, भांडल्या, त्यांनी जात्यावर गाणी म्हटली, त्या बोलीला पडद्यावर गंभीर प्रसंग मिळालाच पाहिजे. तुम्ही बोली सफाईने बोलत नसाल तर पटकथा मराठीत लिहा आणि त्या तालुक्यातल्या माणसाकडून संवाद करून घ्या. त्याला मानधन आणि श्रेय दोन्ही द्या.

वेळेचा हिशोब. एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशोब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या अक्षरावर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत फॉन्टप्रमाणे तो मागेपुढे होतो. घड्याळ लावून पटकथा मोठ्याने वाचा, शांत जागांना तेवढा वेळ थांबा, आणि प्रत्येक सीनपुढे मिनिटं लिहा.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल निर्मात्याच्या मोबाइलवर उघडत नाही किंवा भलतीच अक्षरं दाखवते. पाठवताना पीडीएफ पाठवा.

पहिला खर्डा झाला की दोन आठवडे बाजूला ठेवा. मग पुन्हा लिहा, पण एका फेरीत एकच काम: एका फेरीत फक्त बहिणीचं पात्र, दुसरीत फक्त मध्यंतरानंतरची गती, तिसरीत फक्त संवाद छाटणं. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलं की जे बरं होतं तेही बिघडतं.

तपासा: प्रत्येक पात्राचे संवाद नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल तर सगळी पात्रं तुमच्याच तोंडाने बोलताहेत.

## ९. नोंदणी आणि करार, मगच ऐकवणं

नुसत्या कल्पनेला कायद्याचं संरक्षण नाही. लिहून काढलेल्या मांडणीला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून हॉटेलात चहावर पूर्ण गोष्ट सांगून येणं धोक्याचं. आधी लिहा, नोंदवा, मग ऐकवा.

नोंदणीच्या दोन वाटा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन ऑनलाइन नोंद करता येते. दुसरी, केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मोठा बदल केलात तर नव्या खर्ड्याची पुन्हा नोंद करा. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्ट पाठवून पाकीट न उघडता ठेवायचं, हा उपाय अजून सांगितला जातो. त्याच्या भरवशावर राहू नका.

ऐकवायला जाल तेव्हा भेटीनंतर त्याच दिवशी ई-मेल करा: आज अमुक गोष्ट ऐकवली, सोबत सारांश जोडला आहे. हा साधा मेल पुढे पुरावा होतो.

करार लेखी आणि सहीचाच. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मधल्या तीन गोष्टी लिहिणाऱ्याने पाठ कराव्यात. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच गेले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, ते संपतात. म्हणून करारात ‘कायमचे’, ‘जगभर’ आणि ‘न वापरले तरी’ असे शब्द आहेत का, ते सही करण्याआधी वाचा. मानधनाचे टप्पे पटकथेच्या टप्प्यांना बांधा. ‘सिनेमा चालला की देऊ’ हा टप्पा नव्हे.

भाऊ, मित्र, गाववाला निर्माता असेल तरी करार करा. तिथे तर आधी करा.

## १०. पटकथा खर्चाच्या डोळ्याने वाचा

हे निर्मात्याचं काम म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक सीनपुढे लिहा: दिवस की रात्र, माणसं किती, जनावरं, वाहनं, पाऊस, परवानगी.

बैल, गाय, घोडा, कोंबडी काहीही सीनमध्ये असेल तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, नाही तर सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी अडकाल. वर ट्रीटमेंटमध्ये थोरला बैलापुढे घमेलं ठेवतो. तो बैल तिथे हवाच का? रिकाम्या गोठ्यात घमेलं ठेवून तो भानावर आला, तर प्रसंग स्वस्त होतो आणि चांगलाही: वाटणीत बैल धाकट्याकडे गेला, त्याने तो विकला, हे न बोलता कळतं. खर्चाच्या नजरेने वाचताना असे बदल बऱ्याचदा सापडतात.

रेल्वे स्थानक आणि डब्यातल्या सीनला रेल्वेची परवानगी, शुल्क आणि वेळ लागतो. किती सीन खरंच गाडीत हवेत, ते आत्ताच ठरवा. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत शिरणारे सीन वनविभागाच्या परवानगीशिवाय धरू नका.

राज्य सरकारचं मराठी चित्रपटांसाठीचं अर्थसाहाय्य पूर्ण झालेल्या चित्रपटाचं परीक्षण होऊन मिळतं. ते जमेला धरून कर्ज काढू नका. पटकथेच्या टप्प्यावर आधार हवा असेल तर एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पटकथा कार्यशाळेकडे आणि नोव्हेंबरात गोव्यात भरणाऱ्या वेव्ह्ज फिल्म बाजारकडे (आधीचं नाव फिल्म बाजार) लक्ष ठेवा. तिथे इंग्रजी सारांश लागतो. तो गुगलवर न सोडता जाणत्या माणसाकडून करून घ्या.

सिनेमाचं नाव आता ठरवा. निर्मात्यामार्फत अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळासारख्या संस्थेकडे त्याची नोंद होते.

## ११. ऋतूप्रमाणे उलटी मोजणी

खान्देशात हे विसरून चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारचे बाहेरचे सीन कलाकारांना आणि यंत्रांना दोघांनाही झेपत नाहीत. पांढरी कपाशी दिवाळीच्या आगेमागे. बोरी, गिरणा, पांझरा या नद्यांना पाणी हवं असेल तर पावसाळा, आणि तोही भरवशाचा नाही.

आपल्या उदाहरणात विसर्जनाला नदीत पाणी हवं, म्हणजे शूटिंग श्रावणाच्या आसपास. श्रावणाआधी अधिक महिना आला तर त्या वर्षी श्रावण पुढे सरकतो, म्हणून आधी पंचांग बघा. मग मागे मोजा. आषाढात तालमी. ज्येष्ठात लोकेशन आणि परवानग्या. वैशाखाच्या अखेरीस पटकथा बंद, म्हणजे त्यानंतर सीन बदलायचे नाहीत. खऱ्या कानबाईत शिरून शूटिंग करायचा मोह टाळा. लोकांच्या पूजेत रीटेक मागता येत नाही. त्या रविवारी फक्त गर्दी, मिरवणूक, नदीकाठ परवानगीने टिपा आणि घरातले प्रसंग आधीच्या-नंतरच्या दिवसांत उभे करा.

पटकथा बंद होईल त्या दिवशी निर्मिती विभागाच्या हातात जाणाऱ्या फाइलमध्ये एवढं असावं: लॉगलाइन, सारांश, क्रमांक घातलेली आणि तारीख टाकलेली पटकथा, सीनवार यादी मिनिटांसह, बोलीचा तक्ता, शोधाची वही, संमतीपत्रं, नोंदणीची पावती आणि करार. यातला एखादा कागद नसेल आणि वैशाख संपत आला असेल, तर यंदाचा श्रावण सोडा. त्या रविवारी वही घेऊन आणखी तीन घरांत जा.